आडवी लिफ्ट

मी नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा एक भाषण झालं, एक घड्याळ मिळालं आणि दुसऱ्या दिवसापासून मी निमूटपणे घरी बसलो. माझा डावा पाय निवृत्त झाला तेव्हा ह्यातलं काहीच झालं नाही. त्याच्याबद्दल कोणी चार शब्द बरे बोललं नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, "क्लच बंद" एवढंच म्हणाले, आणि बायकोने त्याच आठवड्यात जुनी गाडी देऊन नवी ऑटोमॅटिक गाडी आणली. हिला क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. पण हे त्या पायाला कोण सांगणार? तो रोज पूर्वीसारखाच वेळेवर माझ्याबरोबर गाडीत बसतो आणि क्लच जिथे असायचा तिथे जे सापडेल ते जीव खाऊन दाबतो. तिथे आता ब्रेक सापडतो.

त्यामुळे नव्या गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या प्रत्येकाने पुढची काच फार जवळून पाहिली आहे.

काळाच्या ओघात हा प्रश्न सुटला असता. आपल्या पायाला फार दिवस नाराज राहता येत नाही. त्याला दुसरीकडे कुठे जायला जागा नसते. प्रकरण चिघळलं ते साडूमुळे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ते दोघे गावाच्या दुसऱ्या टोकाला टेकडीवर राहतात. दर गुरुवारी मी बायकोला तिकडे घेऊन जातो. दोघी बहिणी पत्ते खेळतात, भांडतात, आणि त्या भांडणाची उजळणी करत पुढचा गुरुवार येईपर्यंत खूश असतात. ह्या भांडणात मी आणि साडू पडत नाही. आमचं वेगळं असतं.

साडूची गाडी वयाने त्याच्या थोरल्या मुलाएवढी आहे, आणि त्या मुलापेक्षा जास्त ऐकते, असं तो स्वतःच सांगतो. तो गिअर नुसते बदलत नाही, जाहीर करतो. "हं, इथे दुसरा," म्हणतो आणि शेजारच्याकडे बघतो. शेजारच्याने मान डोलवावी लागते.

नवी गाडी घेऊन आम्ही पहिल्यांदा टेकडीवर गेलो तेव्हा साडूने गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडलं, आणि खाली वाकून पायांच्या जागेत असं बघितलं की जणू कोणाचा तरी दात पडलाय आणि तो शोधायचाय. मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"छान आहे," तो म्हणाला. "पण राव, ही गाडी नाही. ही आडवी लिफ्ट आहे. आत बसायचं, बटण दाबायचं, आपला मजला आला की उतरायचं."

मेहुणी हसली. समोरच्या घरात झाडांना पाणी घालणारा माणूस, ज्याचा ह्या सगळ्याशी काही संबंध नव्हता, तोही हसला. सगळ्यात जास्त माझी बायको हसली. तिला आधारासाठी बॉनेटवर हात टेकावा लागला. बॉनेट माझं होतं.

प्रत्येक गाडीबरोबर एक पुस्तिका येते. ती वाचायची असती तर कंपनीने ती समोरच्या कप्प्यात, टॉर्च आणि जुन्या फडक्यांची सोय असते त्या जागी ठेवली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती काढून वाचायला बसलो, आणि दुपारी मला खजिना सापडला. दांडा जिथे D वर ठेवतात, त्याच्या शेजारी एक छोटी खाच आहे. दांडा त्या खाचेत सरकवला की समोर M उमटतो, आणि मग गिअर आपण बदलायचे. दांडा पुढे ढकलला की वरचा, मागे ओढला की खालचा. क्लच नाही, पण हुकूम आपला.

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो, "ही लिफ्ट नाही. हिला जिना आहे."

"लिफ्ट असताना जिन्याने कोण जातं?" ती म्हणाली.

ह्या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते ज्याला साडू आहे त्यालाच कळतं.

हुकूम आपला असं मी म्हटलं खरं, पण पुस्तिकेत पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं की चालकाची मागणी गाडीला अयोग्य वाटल्यास ती मान्य होणार नाही. म्हणजे वेग फार असताना खालचा गिअर मागितला तर गाडी फक्त 'टुंग' असा आवाज करते आणि होती तशी चालत राहते. पाणीपुरवठा खात्यात सगळी नोकरी मी लोकांचे अर्ज ह्याच पद्धतीने निकालात काढले. फक्त टुंग म्हणायची कल्पना मला सुचली नव्हती. गाडीची दुसरी खोड ह्याहून वाईट. वेग कमी झाला आणि आपण खालचा गिअर टाकायला विसरलो, तर ती तो स्वतःच टाकते. आवाज नाही, गचका नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातातली पिशवी कोणीतरी 'राहू द्या, मी घेतो' म्हणत काढून घ्यावी, तसं. बोलायला जागा राहत नाही, आणि रागही जात नाही.

नेमकं त्याच सुमारास माझं लायसन्स संपत आलं होतं. आमच्या वयाच्या माणसाला नूतनीकरणासाठी पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागते. परवाना कार्यालयात खिडकीतल्या माणसाने मान वर न करता गाडी कोणती ते विचारलं. मी सांगितलं. लायसन्सवर 'फक्त ऑटोमॅटिक' असा शिक्का येईल, असं तो म्हणाला आणि 'पुढचे' अशी हाक दिली. पुढचे म्हणजे माझ्या मागचे. मी जागचा हललो नाही. अर्धं आयुष्य मी हाताने गिअर टाकले. आता ह्या शिक्क्याने मी ते कधी टाकलेच नव्हते असं ठरणार होतं. मी त्याला खाचेबद्दल सांगितलं. त्याने क्लच आहे का विचारलं. मी म्हणालो, क्लच नाही, पण जिना आहे. तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली आणि मला मोठ्या साहेबांकडे पाठवलं. बहुधा काळजीपोटी.

मोठे साहेब टेबलामागे बसून पेन्सिलीला टोक काढत होते. त्यांच्या नोकरीत त्यांना कोणी विचार करण्याजोगा प्रश्न कधी विचारला नसावा, कारण माझा प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला बसवून घेतलं, नियमांचं पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचलं: ज्या वाहनाचे गिअर चालक स्वतः बदलतो, ते गिअरचे वाहन. क्लचचं नाव कुठेच नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या दोन अधिकाऱ्यांना बोलावलं गेलं. एक म्हणाले, क्लच लिहिलेला नसला तरी गृहीत आहे. दुसरे म्हणाले, गृहीत धरायचं तर मग पुस्तक कशाला छापलं. ह्या दोघांचं आधीचं काहीतरी असणार, कारण मुद्दा लगेच कोणाच्या तरी बदलीवर गेला. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा साहेबांनी निकाल दिला.

"गिअरची परीक्षा घेऊ. पण सगळे गिअर तुम्ही टाकायचे. एक जरी गाडीने टाकला तर नापास."

"नापास झालो तर ऑटोमॅटिकचं मिळेल ना?"

"कसं मिळेल? ती परीक्षा तुम्ही दिलेलीच नसेल. पुन्हा नंबर लावायचा." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आता एकदम पुढच्या वर्षी."

घरी येऊन हे मी बायकोला जेवढं सौम्य करून सांगता येईल तेवढं करून सांगितलं. तिने त्यातलं पाणी काढून टाकलं आणि जे उरलं ते माझ्यासमोर ठेवलं. सोपी परीक्षा देऊन गाडी चालवता येत असताना मी अवघड परीक्षा देणार होतो, आणि ती चुकली तर वर्षभर गाडी दारात उभी राहणार होती.

"आणि गुरुवारचं काय?" तिने विचारलं.

"साडू येऊन नेईल तुला."

"मी नाही भाऊजींच्या गाडीत बसणार. मान डोलवून डोलवून माझी मान दुखते." ती पातेलं ढवळायला लागली. "अहो, घ्या ना तो शिक्का. कोण वाचणार आहे?"

"साडू वाचेल."

साडू वाचेल हे तिलाही माहीत होतं. तो माझा फोटो कसा आलाय ते बघायला म्हणून लायसन्स मागून घेईल, चष्मा लावेल आणि पहिल्यांदा मागची बाजू बघेल. बायकोने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग नीट शिका. अर्धवट करणार असाल तर आत्ताच सांगा."

त्या क्षणापासून हे काम माझं राहिलं नाही. आमच्या घरात बायकोने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती पुरी होते, आणि ज्यांच्यावर पुरी होते त्यांना वाचवता येत नाही.

भाजीच्या घाऊक बाजारामागे ट्रक उभे करायचं मोठं आवार आहे. बाजार बंद असतो त्या दिवशी तिथे कोबीची पानं सोडून कोणी नसतं. तिथे आम्ही सराव सुरू केला. बायको शेजारी बसून समोरचा आकडा वाचायची आणि तो कोणी टाकला ते मोठ्याने जाहीर करायची. "तीन, तुम्ही. दोन, गाडी. एक, गाडी." आवाजात राग नाही, लोभ नाही. मी दांड्याकडे हात नेईपर्यंत गाडीने काम केलेलं असायचं. पहिल्या दिवशी मी इतका हरलो की परतताना आम्ही दोघं गाडीशी बोललो नाही.

बातमी सोसायटीत पसरली. आमचे सेक्रेटरी, सोसायटीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे असं म्हणत, दुसऱ्या वेळी स्वतःहून मागच्या सीटवर येऊन बसले. पट्टा लावा म्हटलं तर मागच्या सीटला तो लावत नाहीत म्हणाले. त्यांचा सल्ला असा होता की गाडीला आपला निश्चय कळला पाहिजे. तो कळवायला मी वेग वाढवला, समोर भिंत आली, खालचा गिअर टाकायची वेळ झाली, आणि माझ्या डाव्या पायाला आपली नोकरी आठवली. त्याने क्लच दाबला. तिथे ब्रेक होता. सेक्रेटरी दोन सीटांच्या मधून खांद्यांपर्यंत पुढे आले आणि तिथेच अडकले. त्यांना मागे ढकलेपर्यंत त्यांनी त्याच स्थितीत आणखी एक सल्ला दिला, की पायाचं काहीतरी करायला हवं.

पायाचं काय करायचं ह्यावर सगळ्या इमारतीने विचार केला. कोणी म्हणालं, पायाखाली वीट ठेवा, बिचाऱ्याला दाबायला काहीतरी मिळेल. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, बांधून ठेवा. ते शांत स्वभावाचे गृहस्थ आहेत, पण हालचाल करणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत अनुभवातून बनलेलं आहे. मी बायकोच्या जुन्या ओढणीने डावा पाय सीटच्या दांडीला बांधला. त्या दिवशी सराव अप्रतिम झाला. पाय जागचा हलला नाही, आणि बायकोने कित्येकदा लागोपाठ 'तुम्ही' म्हटलं. त्या आनंदात परतताना मी बेकरीसमोर गाडी उभी केली, दार उघडलं आणि पाव आणायला बाहेर पडलो. म्हणजे मी पडलो, डावा पाय पडला नाही. उजवा पाय रस्त्यावर, दोन्ही हात दाराला, आणि बाकी सगळं अधांतरी, अशा अवस्थेत मी वर पाहिलं तर बेकरीतून पाव घेऊन साडू बाहेर येत होता.

"काय, व्यायाम?" त्याने विचारलं.

"जरा उभा आहे."

"एका पायावर?"

"दुसरा आत आहे," मी म्हणालो. ह्यात खोटं काही नव्हतं.

साडू थोडा वेळ बघत राहिला. मग बायकोला वाकून नमस्कार केला, माझ्या हातात एक पाव ठेवला आणि निघून गेला. माझ्या दोन्ही हातांत दार होतं. तरी पाव मी धरला. माणसाच्या अंगात काय काय असतं, ते वेळ आल्याशिवाय कळत नाही.

त्यानंतर इमारतीच्या उतारावर माझ्या हातून गाडी न्यूट्रलमध्ये राहिली आणि सोसायटीचा कचऱ्याचा डबा चपटा झाला. ह्याबद्दल मी फार बोलणार नाही, कारण सेक्रेटरींनी त्याबद्दल फलकावर पुरेसं लिहिलं होतं. माझं नाव नव्हतं, 'काही सभासद' असं होतं. आमच्या इमारतीत काही सभासद म्हणजे कोण ते सगळ्यांना कळतं.

पायावरचा उपाय शेवटी बायकोने काढला. एका सकाळी तिने माझा डावा बूट काढून ठेवला आणि त्या जागी घरात घालायची चप्पल ठेवली.

"उजव्यात बूट, डाव्यात चप्पल," ती म्हणाली. "पायाला वाटू दे आपण घरी आहोत."

मी हसलो नाही, ह्याचा मला आजही आनंद आहे, कारण उपाय लागू पडला. बूट घातलेला पाय कामावर असतो. चप्पल घातलेला पाय पेपर वाचायला निघालेला असतो. डाव्या पायाने चटईवर अंग टाकलं आणि पुन्हा हूं की चूं केलं नाही.

हात मात्र अजून उशीर करत होता. तिथे वरच्या मजल्यावरच्या गायनबाई कामी आल्या. त्या मागे डोळे मिटून बसल्या, पट्टा लावून. म्हणाल्या, आकडे बघता म्हणून उशीर होतो, आवाज ऐका. इंजिन वर चढून रडवेलं झालं की वरचा गिअर. घोगरं झालं की खालचा, आणि घोगरं व्हायच्या किंचित आधी टाकला तर उत्तम. उतरताना त्यांनी इंजिनाचा गळा चांगला आहे, मेहनत कमी पडते, असा अभिप्राय दिला. मला वाटतं तो गाडीबद्दल होता.

मी ऐकायला शिकलो. गाडी हात पुढे करायच्या आधी मी पिशवी स्वतःच घ्यायला लागलो. बायकोच्या तोंडचे 'गाडी' हळूहळू विरळ झाले. शेवटचा, दुसऱ्यावरून पहिल्याचा, काही केल्या जमत नव्हता; थांबता थांबता गाडी तो चोरून टाकायचीच. परीक्षेच्या आदल्या सरावात तोही मी तिच्या आधी टाकला. बायको आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एक. तुम्ही." आणि खिडकीतून कोबीच्या पानांकडे बघायला लागली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने माझ्याबद्दल इतक्या थोडक्यात इतकं चांगलं कधी म्हटलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी इस्त्रीचे कपडे घातले, एका पायात पॉलिश केलेला बूट आणि दुसऱ्यात चप्पल. परीक्षक म्हणून एक तरुण बाई आल्या. टोपी, हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"आजोबा, डाव्या पायाला लागलंय का?"

"नाही. तो घरी आहे."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आजोबा हा शब्द मी गिळला. बायकोला मागे बसायची परवानगी मिळाली, बोलायचं नाही ह्या अटीवर. तिने त्याची सोय करून ठेवली होती. गाडी चोरून गिअर टाकायच्या बेतात आहे असं वाटलं की ती खोकणार होती. पहिल्याच कोपऱ्यावर ती खोकली, दुसऱ्यावर पुन्हा खोकली. तिसऱ्या कोपऱ्यावर परीक्षक बाईंनी पर्समधून खोकल्याची गोळी काढली, मागे वळून तिला दिली, आणि ती तोंडात टाकेपर्यंत वळलेल्याच राहिल्या. दयाळू माणसांपुढे कोणाचं काही चालत नाही. तिथून पुढे मी एकटा होतो.

तरी मी एकही सोडला नाही. इंजिन रडवेलं झालं की वर, घोगरं व्हायच्या आधी खाली. परीक्षक बाई समोरचा आकडा आणि माझा हात आलटून पालटून बघत होत्या आणि खुणा करत होत्या. शेवटी पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ आला. टाकी आमच्या खात्याची. ती तिथे बांधू नये असा शेरा कोणे एके काळी मीच मारला होता. चढाच्या टोकाला सिग्नल आहे. तिथे थांबायचं, आणि हिरवा झाला की मागे न घसरता निघायचं, असं बाईंनी सांगितलं.

चढाच्या मध्यावर एक गाडी हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून पुढे गेली. तिच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलला. तो हात मी ओळखला. मी नापास झाल्यावर आम्हाला घरी कोण आणणार, ह्या काळजीने साडू आला होता, आणि आलाच होता तर चढ कसा चढतात ते दाखवून द्यायचं त्याने ठरवलं होतं. सिग्नलला तो आमच्या बरोबर पुढे थांबला. मी मागे थांबलो. तीन, दोन, एक, सगळे माझे.

सिग्नल हिरवा झाला. साडू स्वतः निघायचं सोडून मी कसा निघतो ते आरशात बघत असावा. त्याच्या गाडीने एक गचका दिला, ती बंद पडली आणि वीतभर मागे आली. त्याने पुन्हा सुरू केली. पुन्हा गचका, पुन्हा बंद, आणि ह्या वेळी बरीच मागे. हँडब्रेकवर मेहुणीची मोठी पिशवी ठेवलेली होती, हे नंतर कळलं. तिसऱ्या वेळी गाडी आधी मागे यायला लागली आणि मग बंद पडली.

परीक्षक बाईंचं पेन थांबलं. माझ्या हाताने दांडा R वर नेला, मी मान वळवली आणि लाँड्रीच्या शेजारच्या बोळात गाडी मागे घेतली. साडूची गाडी आमच्या नाकासमोरून उलटी उतरत गेली. तिच्या खिडकीत मेहुणी होती. दोघी बहिणींची नजरानजर झाली. माझ्या बायकोच्या तोंडात गोळी होती, म्हणून तिने नुसता हात हलवला. थोडं खाली जाऊन साडूची गाडी फुटपाथवर एक चाक चढवून तिरकी उभी राहिली.

"चला, सिग्नल जाईल," बाई म्हणाल्या, आणि वळून मागच्या काचेतून साडूकडे बघत राहिल्या.

मी दांडा ओढला आणि निघालो. गाडी जराही न घसरता चढ चढली, सिग्नल ओलांडला, टाकीला वळसा घालून उताराला लागली. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं की इंजिन एकदाही रडलेलं नाही. मी खाली पाहिलं. घाईत दांडा M च्या खाचेत गेलाच नव्हता, D वरच राहिला होता, आणि समोरचे आकडे कॅलेंडरची पानं उलटावीत तसे आपोआप बदलत आले होते. बाई अजून मागेच बघत होत्या. मी दांडा हळूच खाचेत सरकवला. कार्यालयाच्या फाटकातून आत येताना तीन, दोन, एक, पुन्हा सगळे माझे. गाडी थांबली.

"छान," बाई म्हणाल्या. त्यांनी टाकीकडच्या चढाची रिकामी चौकट पेनाच्या टोकाने दाखवली. "हे बघायचं राहून गेलं. तिथेही गिअर तुम्हीच टाकलेत ना?"

आरशात मला बायको दिसली. तिने सगळं पाहिलेलं होतं. इतके दिवस आकडे वाचणाऱ्या बायकोच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. गोळी केव्हाच विरघळलेली असणार. पण ती खोकली नाही. हो म्हणा अशी खूण नाही, नाही म्हणा अशीही नाही. तिने तोंड खिडकीकडे वळवलं आणि ते माझ्यावर सोडलं.

एक 'हो' म्हटलं की संपलं होतं. साडूने लायसन्स उलटून बघितलं असतं आणि त्याला काही सापडलं नसतं. एक 'नाही' म्हटलं की वर्षभर गाडी दारात, आणि बायको दर गुरुवारी मान डोलवत टेकडीवर. पण त्या चढावर गाडीने जे केलं ते गाडीने केलं होतं. तिने मला न विचारता पिशवी घेतली होती, हे खरं. पण तिने ती सांडली नव्हती. आणि ह्या आवारात तिची बाजू मांडायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "बोळातून निघाल्यापासून फाटकापर्यंतचे गाडीने टाकले."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मोठ्या साहेबांच्या हाताखाली काम करून माणसाला जी सवय लागते ती त्यांना लागली होती.

"म्हणजे तेवढं अंतर तुम्ही ऑटोमॅटिक चालवलीत," त्या सावकाश म्हणाल्या.

"हो."

"ऑटोमॅटिकच्या परीक्षेला काय लागतं? मागे घेणं, अडथळा टाळणं, चढावर निघणं. मी स्वतः बसले होते गाडीत." त्यांनी सही केली. "गिअरची गेली, पण ही परीक्षा झाली की. पास. आणि काका, तो अडथळा तुमच्या ओळखीचा होता का?"

आजोबांचा काका झाला, हे मी आधी नीट ऐकून घेतलं. मग म्हणालो, "साडू आहे." बाईंनी त्याच्या गाडीचा नंबर लिहून घेतलेलाच होता.

बायको उतरताना एवढंच म्हणाली, "बोळात चांगली घेतलीत मागे." आणि मग, थोडं पुढे जाऊन, "ती तुम्ही."

लायसन्स आलं. त्यावर 'फक्त ऑटोमॅटिक' असा शिक्का आहे, ठळक, थोडा तिरका. साडूने अजून ते बघायला मागितलेलं नाही. त्याला परवाना कार्यालयाने परीक्षेसाठी बोलावलं, त्याच चढावर नेलं, आणि परीक्षक बाई शेजारी बसल्या असताना तो त्याच सिग्नलला पुन्हा मागे आला. मेहुणीची पिशवी ह्या वेळी मागच्या सीटवर होती, त्यामुळे तिचंही नाव घेता आलं नाही. त्याचा पुढचा नंबर आता पुढच्या वर्षी.

त्यानंतरच्या गुरुवारी साडूला गावात काम होतं. बायकोला मेहुणीकडे पत्ते खेळायला सोडण्याऐवजी आम्ही साडू आणि मेहुणी दोघांनाही खाली घेऊन आलो आणि संध्याकाळी परत टेकडीकडे निघालो. दोघी बहिणी मागे बसल्या. साडू माझ्या शेजारी येऊन बसला आणि पट्टा लावला. माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. किती दिवस मी ते घासून पुसून ठेवलं होतं. 'कितवा मजला?' एवढंच. टेकडीचा पहिला चढ सुरू झाला की म्हणायचं, असं ठरलं होतं.

चढाच्या पायथ्याशी मी गाडी हळू केली आणि तोंड उघडलं. तेवढ्यात मला साडूचा डावा पाय दिसला. बुटातला तो पाय समोरच्या चटईवर, जिथे काहीही नव्हतं तिथे, नेमाने दाबत होता. चढ आला की दाबायचा, तसा. साडूला त्याचा पत्ताच नव्हता.

मी तोंड मिटलं. बायकोने मागून ते पाहिलं असावं. ती चप्पल मला आता लागत नाही, पण गाडीतच असते. तिने सीटच्या खालून ती काढली आणि दोन सीटांच्या मधून पुढे केली.

"भाऊजी, डाव्या पायात घाला," ती म्हणाली. "सुरुवातीला जरा बरं पडतं."

साडूने चपलेकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं. मग वाकून बूट काढला, चप्पल घातली आणि पाय चटईवर ठेवला. पाय थोडा वेळ घोटाळला आणि मग शांत झाला. साडू समोर काचेबाहेर बघत होता.

"घ्या आता," तो म्हणाला. "वरच्या मजल्यावर."

"जिन्याने जाऊ," मी म्हणालो, आणि दांडा शेजारच्या खाचेत सरकवला.